मद्य, मधुमेह आणि मौन

मधुमेहाविषयी आज आपल्या समाजात जितके बोलले जाते, तितके अन्य कोणत्याही व्याधीविषयी क्वचितच बोलले जात असेल. शिक्षकांच्या खोलीत, कचेरीतल्या मधल्या सुट्टीत, लोकलच्या डब्यात, लग्नाच्या पंगतीत हा विषय निघतो आणि प्रत्येकाजवळ त्यावर सांगण्यासारखे काही ना काही असते. कोणी मेथीचे दाणे सुचवतो, कोणी कारल्याचा रस. भात सोडावा की पोळी, हापूसची एक फोड चालेल की नाही, यांवर तावातावाने वाद होतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. भारतातील मधुमेहींची संख्या दहा कोटींच्या वर गेली असल्याचे त्यात नमूद होते. ज्या देशात हा रोग इतका घरोघरी पोचला आहे, तेथे त्याची चर्चाही घरोघरी व्हावी, हे स्वाभाविकच आहे. मात्र या साऱ्या चर्चेतून एक विषय हटकून गाळला जातो. तो विषय म्हणजे मद्य. जो मधुमेही इन्सुलिन घेतो आणि अधूनमधून मद्यही घेतो, त्याने नेमके काय जाणून घेतले पाहिजे, हे त्याला कोणी सांगत नाही. आणि तोही कोणाला विचारत नाही.

हे मौन दोन्ही बाजूंनी पाळले जाते. दवाखान्यात प्रश्न विचारला जातो तो बहुधा पत्नी किंवा मुलगा शेजारी बसलेला असताना. 'आपण मद्य घेता का?' या प्रश्नाला मग 'छे, छे' किंवा फार तर 'क्वचित, कोणी आग्रह केला तर' एवढेच उत्तर येते. डॉक्टरांच्या दारात पंधरा-वीस रुग्ण ताटकळत असतात. तेही फार खोलात न शिरता कागदाच्या तळाशी 'मद्य वर्ज्य' असे लिहून पुढच्या रुग्णाकडे वळतात. उपदेश म्हणून ते दोन शब्द बिनचूक आहेत. मद्याची कोणतीही मात्रा आरोग्याला निर्धोक मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेनेही जानेवारी २०२३ मध्ये स्पष्टपणे सांगितले आहे. परंतु जो हा उपदेश पाळतो, त्याला पुढचे काही सांगण्याची गरजच उरत नाही. आणि जो तो पाळत नाही, त्याच्या हाती त्या दोन शब्दांपलीकडे काहीच पडत नाही. ज्ञानाची खरी गरज ज्याला आहे, नेमका तोच अज्ञानात राहतो. हे अज्ञान प्रसंगी एका रात्रीत जीव घेऊ शकते. म्हणून हा विषय केवळ नीतीचा नाही, तसाच तो निव्वळ खासगीही नाही.

साखर वाढण्याचे भय, उतरण्याचे विस्मरण

सर्वसाधारण समजूत अशी की, दारूत साखर असते आणि म्हणून ती मधुमेह्याला वाईट. ही समजूत अर्धवट आहे. व्हिस्की, रम, जिन, फेणी यांसारख्या ऊर्ध्वपातनाने तयार होणाऱ्या मद्यांत साखर जवळजवळ नसतेच. हे कोठेतरी वाचलेला मनुष्य मग असा निष्कर्ष काढतो की, गोड पेय न मिसळता नुसत्या सोड्याबरोबर किंवा पाण्याबरोबर घेतली तर काही बिघडत नाही. धोका लपलेला आहे तो या निष्कर्षात. इन्सुलिन घेणाऱ्याला मद्याचे तातडीचे भय साखर वाढण्याचे असते त्याहून कितीतरी अधिक ती उतरण्याचे असते, आणि हे भय पेला रिकामा झाल्यावर कित्येक तासांनी पुढे उभे राहते.

याचे कारण यकृतात आहे. यकृत हे शरीराचे साखरेचे कोठार. जेवणानंतर रक्तात आलेली जादा साखर ते ग्लायकोजेनच्या रूपाने साठवून ठेवते आणि दोन जेवणांच्या मधल्या काळात, विशेषतः रात्रीच्या झोपेत, ती थोडी थोडी रक्तात सोडत राहते. साठा उणा पडू लागला की प्रथिनांच्या घटकांपासून व इतर द्रव्यांपासून ते नवी साखर घडवते. मेंदूचे काम रात्रभर अखंड चालू राहते ते या व्यवस्थेमुळे. आता या व्यवस्थेत मद्याचा प्रवेश झाला की काय होते? मद्य साठवून ठेवण्याची सोय शरीराजवळ नाही; त्याचा निकाल लावणे यकृताला भागच पडते, आणि त्या रासायनिक क्रियेत नवी साखर घडवण्याची त्याची शक्ती खुंटते. निरोगी माणसाचे बहुधा निभावून जाते, कारण रक्तातील साखर उतरू लागताच त्याचे स्वादुपिंड आपण होऊन इन्सुलिनचा हात आखडता घेते. सुई टोचून इन्सुलिन घेणाऱ्याला ही सोय नाही. एकदा टोचलेले इन्सुलिन परत बोलावता येत नाही. एकीकडे ते रक्तातील साखर सतत पेशींकडे धाडत राहते आणि दुसरीकडे कोठारातून नवी आवक होत नाही. अशा स्थितीत साखर किती खाली जाईल, याचा भरवसा कोणी द्यावा?

मद्याच्या या गुणधर्माचा इतिहासही उद्बोधक आहे. इन्सुलिनचा शोध लागण्यापूर्वी मधुमेहावर खात्रीचा असा उपचार नव्हता. अमेरिकेतील फ्रेडरिक ॲलन यांनी त्या काळात कठोर उपवासाची जी पद्धत रूढ केली, तीत रुग्णाला दिवसदिवस अन्न वर्ज्य असे. पण त्या उपवासात दुधाविना कॉफीबरोबर थोडी व्हिस्की दिली जाई. साखर न वाढवता अंगाला थोडी उष्णता मिळावी, हा त्यामागचा हेतू. पुढे १९२१ साली टोरोंटो येथे फ्रेडरिक बँटिंग आणि चार्ल्स बेस्ट यांच्या प्रयोगांतून इन्सुलिन हाती आले आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या किशोरवयीन मुलाला ते टोचण्यात आले. त्या इन्सुलिनचे शुद्धीकरण करणाऱ्या जेम्स कॉलिप यांना सशांवरील प्रयोगांतच असे दिसून आले होते की, मात्रा अधिक झाली की साखर इतकी घसरते की प्राण्याला झटके येऊ लागतात. इन्सुलिनने कोट्यवधींना जीवदान दिले. त्याबरोबरच साखर उतरण्याचे एक नवे संकटही जन्माला घातले. ज्या गुणामुळे मद्य पूर्वी उपवासाच्या पथ्यात खपून गेले, तोच गुण इन्सुलिनच्या युगात घातक ठरला.

या संकटाचे वेळापत्रक समजून घेतले पाहिजे. बाटलीवर ४२.८ टक्के असे छापलेल्या मद्याच्या ३० मिलिलिटरच्या एका लहान पेगात सुमारे १० ग्रॅम अल्कोहोल असते. सर्वसाधारण प्रौढाचे यकृत तासाला साधारणपणे ७ ते १० ग्रॅम अल्कोहोलचा निकाल लावते. नऊला सुरुवात करून अकराच्या सुमारास चौथा पेग संपवणाऱ्याचे यकृत मध्यरात्र उलटून गेली तरी, कदाचित तीन वाजेपर्यंत, त्याच कामात गुंतलेले असते. 'आपण फक्त बिअर घेतो' असे अभिमानाने सांगणाऱ्यांनीही हा हिशेब करून पाहावा. आठ टक्क्यांच्या 'स्ट्राँग' बिअरच्या ६५० मिलिलिटरच्या एका बाटलीत ४० ग्रॅमच्या आसपास अल्कोहोल असते. म्हणजे ती एक बाटली चार लहान पेगांच्या तोडीची असते. शिवाय अल्कोहोल संपले म्हणून धोका संपला असेही नाही. ब्रिटनमधील संशोधकांनी पहिल्या प्रकारच्या मधुमेहाच्या सहा पुरुषांना एका रात्री नऊच्या सुमारास वाइन दिली आणि दुसऱ्या एका रात्री त्याच वेळी पाणी. वाइनच्या रात्रीनंतरच्या सकाळी, न्याहारी होऊन गेल्यावर, सहांपैकी पाच जणांची साखर उपचार करावे लागण्याइतकी खाली गेली. पाण्याच्या रात्रीनंतर एकाचीही नाही. २००१ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग छोटा आहे, हे खरे. परंतु धोका दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत, किंबहुना चोवीस तासांपर्यंत रेंगाळतो, हे सूत्र आता मधुमेहतज्ज्ञांनी स्वीकारलेले आहे. रात्रीच्या मद्याचे बिल सकाळी दहा वाजता शाळेच्या वर्गात किंवा कचेरीच्या टेबलाशी चुकवावे लागते, ते असे.

आपली रीत आणि तिचा धोका

हे शास्त्र सर्व देशांत सारखेच. परंतु आपल्याकडे मद्य घेण्याची जी रीत पडली आहे, ती या धोक्यात भर घालणारी आहे. फ्रान्स-इटलीसारख्या देशांत वाइन जेवणाबरोबर घेण्याची परंपरा आहे. आपल्याकडे आधी 'बसायचे' आणि मग जेवायचे असा दंडक. बैठक रंगली की जेवण लांबते. अकरा वाजतात, साडेअकरा वाजतात, आणि शेवटी 'आता भूक नाही' असे म्हणून अर्ध्या पोळीवर निभावले जाते. तोवर पोटात गेलेले असतात ते खारे शेंगदाणे, तळलेली डाळ, फार तर एखादे ऑम्लेट. यांत तेल आणि प्रथिने भरपूर. पण रक्तात लवकर उतरेल अशी साखर फारच थोडी.

आता याच्या जोडीला इन्सुलिनचे वेळापत्रक ठेवून पाहावे. आपल्याकडील अनेक रुग्ण जलद आणि मंद अशा दोन प्रकारांचे मिश्रण असलेले इन्सुलिन सकाळी न्याहारीपूर्वी आणि रात्री जेवणापूर्वी, असे दोनदा घेतात. साधे मिश्र इन्सुलिन टोचल्यावर सुमारे अर्ध्या तासात जेवण व्हावे, असा नियम आहे. शिस्तप्रिय कारकून आठ वाजता नेहमीची मात्रा टोचून घेतो आणि सहकाऱ्याच्या निरोपसमारंभाला जातो. साडेदहाला त्याचे इन्सुलिन ऐन भरात आलेले असते. पण ज्या भातासाठी ते टोचले, तो भात अजून शिजलेल्या भांड्यातच असतो. यकृताने मदतीला धावावे, तर ते मद्याच्या कामात अडकलेले. ज्याने इन्सुलिनची वेळ काटेकोर पाळली, त्याच्यावरच घाला यावा, असा हा विचित्र योग आहे.

आपल्या पंचांगातही असे दिवस आहेत. आषाढी अमावास्येला, जिला लोकांनी गटारी हे नाव दिले, श्रावणापूर्वीची शेवटची संधी म्हणून अनेकजण हात सैल सोडतात. दुसऱ्या दिवसापासून श्रावण लागतो आणि त्याबरोबर सोमवारचे, शनिवारचे उपवास येतात. रात्री मद्य आणि दुसऱ्या दिवशी उपवास, त्यात सवयीने टोचलेले सकाळचे इन्सुलिन, हा संगम इन्सुलिन घेणाऱ्याला किती महागात पडू शकेल, हे वर सांगितलेल्या शास्त्रावरून ध्यानात यावे. एकतीस डिसेंबरची रात्र, होळी, गावची जत्रा, लग्नाची वरात, यांनाही हेच लागू आहे. वरातीत तर नाचणेही असते, आणि नाचण्याच्या श्रमांनी साखर आणखी खाली जाते.

गोव्याचा उल्लेख येथे आवर्जून केला पाहिजे. वर उल्लेखिलेल्या २०२३ च्या पाहणीत मधुमेहाचे सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात आढळले. त्याच गोव्यात मद्य घेण्याला महाराष्ट्राइतका संकोच चिकटलेला नाही. सणासुदीला फेणी ही तेथल्या आतिथ्याचा भाग आहे. जेथे दोन्ही गोष्टी एकाच घरात नांदतात, तेथे त्यांच्यातील वैराची माहितीही त्याच घरात असायला हवी.

'उतरेल सकाळपर्यंत'

साखर उतरण्याची लक्षणे कोणती? दरदरून घाम, हातापायांना कंप, छातीत धडधड, मग बोलणे अडखळणे, तोल जाणे, विनाकारण चिडणे, भ्रम, आणि अखेर शुद्ध हरपणे. ही यादी वाचणाऱ्याच्या सहज लक्षात येईल की, यांतली बरीचशी लक्षणे मद्याच्या अमलाचीही आहेत. म्हणजे ज्याची साखर उतरत आहे, त्याला स्वतःला ते उमगत नाही, कारण नशेने जाणीव बोथट झालेली असते. आणि भोवतालच्यांनाही उमगत नाही, कारण तोंडाला वास येत असतो. वास आला की समाजाचा निवाडा तयार असतो. मित्र त्याला सतरंजीवर आडवे करतात, घरचे दार लोटून घेतात, रस्त्यावरचे लोक वळसा घालून निघून जातात. 'पडू द्या, उतरेल सकाळपर्यंत' असे म्हटले जाते. त्या वेळी खरोखरच काहीतरी उतरत असते; पण ती नशा नसते, साखर असते. वेळेवर दिलेल्या तीन चमचे साखरेने जो माणूस उठून बसला असता, तो केवळ वासाच्या पुराव्यावर दोषी ठरून मरणाच्या दारात पोचतो. मद्य घेतलेल्या माणसाविषयी समाजाला वाटणारी घृणा समजण्यासारखी आहे. परंतु घृणा हे निदान नव्हे.

या घोटाळ्यात गैरसमजांची भर पडते. 'आज घेणार आहे, तेव्हा इन्सुलिन नको' असे ठरवून काहीजण मात्राच गाळतात. पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीराचे स्वतःचे इन्सुलिन जवळजवळ नसते. तेथे दीर्घकाळ काम करणारी मूळ मात्रा गाळली तर रक्तात आम्ले साठून दुसरेच प्राणसंकट ओढवते. याच्या उलट काहीजण रममध्ये गोड शीतपेय मिसळून घेतात, यंत्रावर साखर २८० दिसते, आणि घाबरून रात्री बाराला जादा इन्सुलिन टोचतात. शीतपेयाची साखर तासा-दोन तासांत ओसरते. मद्य आणि जादा इन्सुलिन मात्र पहाटेपर्यंत मागे उरतात. तिसरा गैरसमज सर्वांत घातक आहे. मद्य घेतल्यानंतर साखर कमी आलेली पाहून 'दारू मधुमेहाला औषधी आहे' असा शोध लावणारे महाभागही आढळतात. यकृताला आलेली ती पांगुळावस्था आहे, रोगावर मिळवलेला विजय नव्हे. तसेच, हा प्रश्न केवळ सुई घेणाऱ्यांचा आहे असेही कोणी समजू नये. ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडतात. त्यांच्या जोडीला मद्य आले की साखर तशीच उतरू शकते. मेटफॉर्मिनने एकट्याने सहसा साखर फार उतरत नाही. पण अतिमद्यपानाशी त्याची गाठ पडली तर रक्तात लॅक्टिक आम्ल साठण्याचा धोका असतो.

सांगायला हवे ते

मग जो पिणारच आहे, त्याला काय सांगायचे? पहिली गोष्ट ही की, रिकाम्या पोटी कदापि नाही. पोळी-भाकरी-भाताचे व्यवस्थित जेवण आधी, किंवा मद्य त्या जेवणाबरोबरच. जेवण अर्ध्या तासात पानात पडेल याची खात्री असल्याखेरीज जेवणाची मात्रा टोचू नये. अशा दिवशी मात्रेत बदल करायचा की नाही, किती करायचा, हे आपल्या डॉक्टरांना आगाऊ विचारून ठरवावे. तो निर्णय बैठकीत बसून घेण्याचा नव्हे. प्रमाणाची मर्यादा म्हणून पुरुषांनी दिवसाला दोन आणि स्त्रियांनी एक प्रमाणित पेयापलीकडे जाऊ नये, असे अमेरिकन मधुमेह संघटनेसारख्या संस्था सांगतात. ही कमाल मर्यादा आहे, शिफारस नव्हे, आणि आठवड्याचा कोटा एका रात्रीत उरकण्याची सवलत तर मुळीच नव्हे.

दुसरी गोष्ट, झोपण्यापूर्वी बोटातून थेंबभर रक्त काढून साखर पाहावी. ती १०० च्या खाली असेल तर काही खाल्ल्याविना झोपू नये. पहाटे एकदा उठून पुन्हा पाहावी, सकाळची न्याहारी वेळेवर करावी आणि त्या दिवशी उपवास धरू नये. ७० च्या खाली साखर गेली की तीन चमचे साखर किंवा ग्लुकोजची पूड पाण्यातून घ्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे, वर आली नसेल तर तेच पुन्हा करावे आणि मग पोळी किंवा बिस्किटे खावीत. तिसरी गोष्ट सोबत्यांसाठी. बरोबरच्यांपैकी निदान एकाला, आणि तोही स्वतः न पिणारा असेल तर उत्तम, 'हा इन्सुलिन घेतो' हे ठाऊक असले पाहिजे. खिशात तसे लिहिलेले कार्ड असावे. मनुष्य शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर आधी साखर द्यावी, चर्चा नंतर करावी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता त्याला कुशीवर वळवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घरी ग्लुकागॉनचे इंजेक्शन असले तरी त्यावर विसंबून राहू नये. ते यकृतातील साठा बाहेर काढून काम करते, आणि मद्यपानानंतर तो साठाच पुरेसा उरलेला नसतो. म्हणून रुग्णालय गाठणे अपरिहार्य ठरते.

आणि काहींना मात्र 'अजिबात नाही' हेच सांगितले पाहिजे. ज्यांना साखर उतरल्याची पूर्वसूचनाच मिळेनाशी झाली आहे, ज्यांचे यकृत किंवा स्वादुपिंड आधीच दुखावलेले आहे, ज्यांच्या रक्तातील ट्रायग्लिसराइड फार वाढलेले आहे, ज्यांच्या पायांच्या नसा मधुमेहाने बधिर झाल्या आहेत, ज्या स्त्रिया गरोदर आहेत, ज्यांना वाहन चालवायचे आहे, त्यांच्यासाठी दुसरा नियम नाही. जो एका पेल्यावर थांबूच शकत नाही, त्याला साखर मोजायला शिकवून भागणार नाही; त्याला व्यसनमुक्तीची मदत मिळायला हवी. 'आजवर कधी घेतली नाही, आता प्रकृतीसाठी थोडी घ्यावी का?' असे विचारणाऱ्याला तर निःसंदिग्ध नकारच दिला पाहिजे.

या सर्वांवर एक आक्षेप घेतला जाईल, आणि तो टाळून चालणार नाही. अशी माहिती देणे म्हणजे मद्यपानाला शिष्टसंमती देणे नव्हे काय? ज्या राज्यात १९४९ साली दारूबंदीचा कायदा झाला, ज्या राज्यातील वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे, तेथे पिणाऱ्यांना पिण्याची रीत शिकवायची काय? दारूने देशोधडीला लागलेली कुटुंबे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांनी हा प्रश्न विचारला तर तो आदरानेच ऐकला पाहिजे. परंतु याच राज्याचा अनुभव आणखी एक गोष्ट शिकवतो. १९४९ चा तो कायदा आजही लागू आहे. कागदावर पिणाऱ्याला परवाना लागतो आणि व्यवहारात तो कोणी क्वचितच विचारतो. नियम कठोर आणि वर्तन सैल, असे झाले की मधल्या पोकळीत लपवाछपवी माजते. दवाखान्यातही तीच पोकळी आहे. दारूबंदीच्या जिल्ह्यात तर ती अधिक खोल होते, कारण तेथे डॉक्टरांपुढे खरे बोलणे म्हणजे गुन्ह्याची कबुली देण्यासारखे वाटते. आणि तेथे जी हातभट्टीची दारू मिळते, तिच्यात अल्कोहोल किती व विष किती, हे विकणाराही सांगू शकत नाही. बंदीच्या बाजूचे असोत वा विरुद्ध बाजूचे, एवढे सर्वांना मान्य व्हावे की, रुग्णाने डॉक्टरांशी खरे बोलल्याने कोणतेही नैतिक मूल्य ढासळत नाही. उलट, धोक्याचे असे नेमके चित्र डोळ्यांपुढे उभे राहिले तर पेला खाली ठेवणाऱ्यांची संख्या वाढण्याचाच संभव अधिक. 'वर्ज्य' या मोघम शब्दाने जे साधत नाही, ते 'पहाटे तीन वाजता काय होते' या माहितीने साधू शकेल.

या कामी डॉक्टरांची जबाबदारी पहिली. इन्सुलिन सुरू करताना सुई कशी टोचावी हे जसे दाखवले जाते, तसाच मद्याचा प्रश्न रुग्णाला एकांतात, कपाळाला आठी न घालता, विचारला गेला पाहिजे, आणि उत्तर गुप्त राहील याची हमी दिली पाहिजे. रुग्णाने ते उत्तर खरे दिले पाहिजे, कारण डॉक्टरांना दिलेल्या खोट्या उत्तराची किंमत डॉक्टरांना मोजावी लागत नाही. मधुमेहाच्या शिबिरांतून आहाराचे तक्ते वाटले जातात. त्यांत दोन ओळी या विषयाच्या असायला काय हरकत आहे? वसतिगृहात राहणारा, लहानपणापासून इन्सुलिन घेणारा विद्यार्थी ही यांतली सर्वांत असुरक्षित व्यक्ती. पहिली मैत्री, पहिला आग्रह, पहिला पेला आणि सुईचा संकोच, हे सारे एकाच वयात येते. कायद्याने वय बसो वा न बसो, त्याच्या खोलीतल्या सोबत्याला साखर उतरण्याची लक्षणे ठाऊक असणे ही वसतिगृहाच्या अधीक्षकांनी पाहायची गोष्ट आहे. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकांनी प्रथमोपचाराच्या तासाला हा धडा सहज जोडता येईल. त्याला दहा मिनिटेही लागणार नाहीत.

शंभर वर्षांपूर्वी इन्सुलिन हाती आले तेव्हा माणसाने एका प्राणघातक रोगाला वेसण घातली. ती वेसण रोज रुग्णाच्याच हाती असते आणि ती सैल-घट्ट करण्याचे ज्ञान त्याला मिळालेच पाहिजे. तो पितो, हे आवडो वा न आवडो, तो रुग्ण आहे ही गोष्ट त्याने बदलत नाही. येत्या गटारीला किंवा एकतीस डिसेंबरला कोणी घाम फुटून, जीभ अडखळून आडवा झालेला दिसला, तर त्याच्या तोंडाचा वास घेण्यापूर्वी त्याच्या खिशातले कार्ड पाहावे आणि त्याला साखर द्यावी. तो खरोखरच नशेत असेल तर त्या तीन चमच्यांनी काही बिघडणार नाही; नसेल तर एक घर वाचेल.